चहात दोन चमचे मोजे

आमची धाकटी डॉक्टर आहे, पण तिच्याकडे सर्दीची गोळी मागू नका. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा मागितली, तर ही बाई त्यांना दारात उभं करून समजावत बसली की मी त्यातली डॉक्टर नव्हे. काकू जाताना मला जिन्यात म्हणाल्या, "मग कशातली गं?" मी म्हटलं, "काकू, ते आम्हाला कळलं की तुम्हाला कळवते."

आता कळलंय. नको इतकं कळलंय.

ती लोकांना टोपी घालते. खरीखुरी टोपी हो, पोहायला जाताना घालतात तसली, फक्त तिला चहूकडून वायरी. प्रत्येक वायरीच्या तोंडाशी बुळबुळीत जेल भरायचं, माणसाला बिनखिडकीच्या खोलीत बसवायचं, हलू नका, पापणी लववू नका म्हणून बजावायचं आणि त्याच्या कानात वाक्यं सोडायची. शेकड्यांनी. काही वाक्यं सरळ, काहींत मध्येच एखादा खुळचट शब्द. खुळचट शब्द आला की मेंदू दचकतो. माणसाला स्वतःला पत्ता लागायच्या आधी दचकतो, आणि संगणकावरची रेघ तेवढ्यापुरती वाकडी होते. ती वाकडी रेघ बघण्यात माझ्या बहिणीची सगळी उमेदीची वर्षं गेली. प्रयोग संपला की त्या माणसाचे केस धुवायला शाम्पू द्यायचा, आणि टोपी बेसिनमध्ये टूथब्रशनं घासत बसायचं. एवढी शिकलेली बाई, आणि नखांत कायम जेल.

पीएच.डी. झाली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. कसलं काय! त्यानंतर पोस्टडॉक नावाचं प्रकरण सुरू झालं. पोस्टडॉक म्हणजे शिक्षण संपलेल्या माणसानं परत उमेदवारी करायची. काम पूर्ण, नोकरी अर्धी. थोड्या वर्षांचा करार असतो. तो संपत आला की सर म्हणतात, "बघू." सर म्हणजे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. आवाज लोण्यासारखा, चेहरा सदा हसरा, आणि कुठलीही गोष्ट विचारा, "बघू." माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. ज्याला दिसत नाही त्याला मी तोंडावर सांगते, बाबा रे, तुला दिसत नाही. त्याला वाईट वाटतं, पण चष्मा घेऊन रस्ता तरी नीट ओलांडतो. या सरांसारखं कुणाला टांगून ठेवणं मला जमलं नसतं.

आता बाबांचं सांगते, कारण त्यांच्यावाचून धाकटीची गोष्ट होत नाही.

बाबा बस स्थानकावर घोषणा करायचे. जन्मभर तीच नोकरी. काचेच्या खोलीत बसायचं आणि सांगायचं, कुठली गाडी, कुठला फलाट, किती वाजता सुटणार. आवाज असा खणखणीत की भांडणारी माणसंसुद्धा भांडण थांबवून ऐकायची. घरी आम्ही दोघी त्यांना पाठीमागे 'फलाट' म्हणायचो. "पोरींनो, जेवायला चला," म्हणाले तरी वाटायचं, आता ताट फलाट क्रमांक तीनवर लागणार. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. चुकीची घोषणा त्यांच्या तोंडून कधी गेली नाही. "माझ्या शब्दावर माणसं गाडीत चढतात," म्हणायचे.

ते निवृत्त झाले आणि घरात नुसत्या येरझाऱ्या घालायला लागले. आईच्या कामात नाक खुपसायचे. त्याच सुमारास धाकटीला प्रयोगासाठी आवाज हवा होता, स्वच्छ, एकसारखा, रागलोभ न दाखवणारा. ती म्हणाली, "बाबा, येता का?" दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून तयार. रेकॉर्ड होणार होता नुसता आवाज. पण ऐकतंय कोण!

आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. कागदावर होतं, "तिनं चहात दोन चमचे मोजे घातले." बाबा वाचायचे, "दोन चमचे साखर घातली." धाकटी काचेपलीकडून सांगायची, "बाबा, मोजे." बाबा मान डोलवायचे, घोटभर पाणी प्यायचे, आणि पुन्हा साखर. तोंड वळेचना त्यांचं. शेवटी वैतागले. "अगं, चहात मोजे कोण घालतं? तुझ्या सरांकडे घालतात का?"

मग तिनं दुसरा मार्ग काढला. त्यांच्या कामात तो नेहमीचाच म्हणे. बाबांकडून सगळी सरळ वाक्यं म्हणवून घेतली. चहात साखर घातली. बाळाच्या पायात मोजे घातले. मग संगणकावर एका वाक्याचं शेपूट कापायचं आणि दुसऱ्याला चिकटवायचं, असं बेमालूम की सांधा कळता कामा नये. कित्येक आठवडे ती कानाला हेडफोन लावून बाबांची वाक्यं कापत बसली होती. दोन वाक्यांच्या मधलं सगळं फेकून दिलं. बाबांचा खोकला, "झालं का गं?", "तुझ्या आईला कळव उशीर होईल म्हणून", त्यांचं हसणं. प्रयोगशाळेच्या भाषेत तो सगळा कचरा. सरांनी जागा मोकळी करा म्हटल्यावर मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

एकदा ती प्रयोगशाळेचा लॅपटॉप घेऊन घरी आली. आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा पीत होतो. म्हणाली, "बाबा, ऐका तुमची करामत," आणि बटण दाबलं. बाबांचा खणखणीत आवाज आला, "तिनं चहात दोन चमचे मोजे घातले."

बाबा असे उसळले की कप कलंडला. "मी नाही म्हटलं हे! मी असं कधीच म्हटलेलं नाही!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढचं वाक्य आलं, "न्हाव्यानं गिऱ्हाइकाचे दिवे कापले." बाबांनी कपाळावर हात मारला. "बंद कर आधी ते! जन्मभराची अब्रू घालवलीस माझी." रागावले होते आणि हसतही होते. त्या दिवसापासून आई चहा करताना विचारायची, "मोजे एक चमचा की दोन?" आणि बाबा दर वेळी तितकेच चिडायचे. धाकटीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, बघितलंस ना कसे दचकले? हेच मी मोजते. भाषा समजणारा माणूस या शब्दावर दचकणारच. त्याला अडवता येत नाही."

सरांना लॅपटॉप बाहेर नेल्याचं कळलं. हसतहसतच बोलले, पण बोलले. प्रयोगशाळेचं साहित्य बाहेर जाता कामा नये.

पुढच्या वर्षी बाबांच्या मेंदूत गुठळी झाली. आंघोळीला म्हणून गेले आणि तिथेच कोसळले. हात-पाय हळूहळू परत आले, धरून चालायला लागले. वाचा मात्र गेली. उरलं ते फक्त "हो, हो." तेही मान डोलवून, अगदी समजूतदारपणे. कुणी भेटायला आलं की आई सांगायची, "त्यांना सगळं कळतं हं, फक्त बोलता येत नाही." आणि बाबा म्हणायचे, "हो, हो."

त्या वाक्यावर आई जगत होती. सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायची, भाव वाढले की त्यांच्याकडे तक्रार करायची, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते विचारायची. कप उंच धरून विचारायची, "साखर एक की दोन?" बाबा म्हणायचे, "हो, हो," आणि ती दोन घालायची. म्हणायची, "मला कळतं त्यांचं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात वर केले. म्हणाले, थोडं समजत असेल, थोडं नसेल, नीट चाचण्या कराव्या लागतील, पण तुमच्या घरातच तज्ज्ञ आहे की. आम्ही सगळे तज्ज्ञाकडे वळलो. आणि तज्ज्ञ मूग गिळून गप्प.

बाबांना आपलं बोलणं समजतं की नाही, घरात हा एकच प्रश्न होता. आणि उत्तर देऊ शकणारी एकटीच बाई तो टाळत होती. "नंतर बघू," म्हणायची. तिच्या तोंडी सरांचा शब्द ऐकला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला दुकानात बोलावून चांगली झाडली. "अख्ख्या गावाला टोप्या घालतेस, आणि बापाच्या डोक्याला हात लावायला तुला वेळ नाही?"

ती काउंटरवरच्या फ्रेमा उगाच उचलून ठेवत होती. म्हणाली, "वेळ आहे गं."

"मग?"

"चाचणी केली की उत्तर येतं, ताई. आलेलं उत्तर मला परत पाठवता येत नाही. तू आईला विचार, तिला ते हवंय का."

"भेकड आहेस," मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली, आणि गेली. टोप्या धुवायच्या होत्या.

आईला हवं होतं ते वेगळंच. तिला बाबांचा आवाज ऐकायचा होता. तुम्ही म्हणाल, आजकाल कुणाच्या घरी आवाज नसतो? आमच्याकडे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण सगळे बाबांनीच काढलेले. त्यांत आम्ही सगळ्या दिसतो आणि बाबा नसतात. काढताना आवाज येऊ नये म्हणून श्वाससुद्धा रोखून धरायचे. बस स्थानकावर तर सगळी घोषणा थेट, साठवलेलं काही नाही. म्हणजे या माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, सरांच्या प्रयोगशाळेत. रोज कुणी ना कुणी अनोळखी पोरगं तिथे बसून तो ऐकत होतं. आणि बायकोला ऐकता येत नव्हता.

"मला 'अगं ए' म्हणतात ना, तेवढं आण," आई म्हणायची.

"ते नाहीये आई," धाकटी म्हणायची. "ते मी कापून टाकलं."

"मग जे असेल ते आण. चहाचं आण."

धाकटीनं सरांना विचारलं. एकदा नाही, तीनचारदा. सर म्हणाले, साहित्य बाहेर फुटलं की प्रयोग बाद होतो. ती म्हणाली, "माझ्या आईला ऐकवायचंय, ती थोडीच प्रयोगाला येणार आहे." सर हसले. म्हणाले, "बघू." त्याच महिन्यात त्या प्रयोगाचा निबंध छापून आला. नावांच्या रांगेत सर शेवटी, मानाच्या जागी. पहिलं नाव सरांच्या लाडक्या विद्यार्थ्याचं, ज्यानं शेवटचे चार आलेख काढले होते. आमची मध्ये कुठेतरी, चेंगरून. आणि बाबा? बाबांबद्दल एक ओळ होती. वाक्यं एका प्रौढ पुरुषाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. बस्स. ज्याच्या शब्दावर माणसं गाडीत चढली, तो एक प्रौढ पुरुष.

मग तिचा करारही संपला. कायमची जागा निघाली होती, जिच्यासाठी हिनं एवढी वर्षं टोप्या घासल्या. ती त्या विद्यार्थ्याला मिळाली. धाकटीच्या तोंडाला पानं पुसली. सरांनी निरोपाला तिला एक झाड दिलं, कुंडीतलं. मी असते तर तिथेच आपटलं असतं. हिनं ते सांभाळून, मांडीवर धरून घरी आणलं. आणि कुंडीतल्या मातीवर, पानांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह.

"चोरलास?" मी विचारलं.

"हो."

"शाब्बास," मी म्हटलं. त्या सगळ्या वर्षांत तिनं केलेलं मला आवडलेलं हे एकच काम.

रविवारी दुपारी आम्ही जमलो. आईनं बाबांना नवा शर्ट घातला होता, केस विंचरून भांग पाडला होता. त्यांच्यासमोर चहा ठेवला होता. टेबलावर धाकटीनं छोटा स्पीकर मांडला. आई म्हणाली, "ऐका हं, तुमचा कार्यक्रम आहे आज," आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा म्हणाले, "हो, हो."

आवाज आला. "पोस्टमननं दारात येऊन पत्र दिलं."

बाबा ताठ बसले. डोळे मोठे झाले. आईनं तोंडाला पदर लावला. तोच आवाज, तीच धार, त्या पांढऱ्या डबीतून आणि त्या गप्प बसलेल्या माणसाच्या समोर. "शिंप्यानं कापड मोजून कापलं." बाबा मान डोलवत होते. "हो, हो." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बघ, ओळखलं बघ त्यांनी!"

आणि मग आलं. "तिनं चहात दोन चमचे मोजे घातले."

आई खळखळून हसली, ठसका लागेल इतकी. हसतहसत बाबांकडे वळली, आता कसे चिडतात ते बघायला.

बाबा मान डोलवत होते. "हो, हो."

तितक्याच समजूतदारपणे. पोस्टमनच्या वेळी डोलवली तशीच, शिंप्याच्या वेळी डोलवली तशीच. भुवईसुद्धा हलली नाही.

आईचं हसू अजून तोंडावर होतं, पण ते तिथे विसरून राहिल्यासारखं. धाकटीचा हात स्पीकरकडे गेला. आई म्हणाली, "राहू दे." पुढचं आलं. "न्हाव्यानं गिऱ्हाइकाचे दिवे कापले." बाबा म्हणाले, "हो, हो." त्यानंतरही आणखी एक वाकडं वाक्य आलं. "हो, हो." एरवी त्यांच्यासमोर आईचा चेहरा असायचा, हात असायचे, उंच धरलेला कप असायचा, पेपर असायचा. ते त्या कपाला हो म्हणत होते, त्या चेहऱ्याला हो म्हणत होते. डबीला चेहरा नव्हता. धाकटी त्यांच्याकडे एकटक बघत होती, प्रयोगशाळेत ती रेघ बघायची तशी. टोपी नव्हती, वायर नव्हती. गरजच नव्हती.

"बंद कर गं," आई शेवटी म्हणाली. "दमले ते."

मी धाकटीला दंडाला धरून बाहेर जिन्यात नेलं. माझा नुसता संताप झाला होता. "मुद्दाम केलंस ना? वर्षभर टाळलंस आणि आज तिच्या तोंडावर मारलंस?"

"नाही गं!" ती रडत होती. "सगळी मिसळलेलीच असतात, नावाच्या जागी नुसते आकडे. मी आधी ऐकून बघितलीही होती. ताई, मला आता ऐकूच येत नाही ते. इतक्या वेळा ऐकलंय की साखर काय नि मोजे काय, मला सारखंच. मला सगळी वाक्यं बरोबरच वाटली."

जन्मभर दुसऱ्यांचं दचकणं मोजलं आणि स्वतःचं दचकणं घालवून बसली. आणि तेही कुणासाठी, तर त्या हसऱ्या माणसासाठी.

"तुला आधीच माहीत होतं?" मी विचारलं.

"अंदाज होता. म्हणूनच हात लावत नव्हते."

तिला भेकड म्हटलेलं मला आठवलं. तिलाही आठवलं असणार.

मला वाटलं होतं, आई विचारेल. रडेल, भांडेल, निदान माझ्याशी तरी बोलेल. मी मनात तयारीही केली होती. मी जी कुणालाही तोंडावर सांगणारी, ती आईला कसं खोटं सांगायचं याची तालीम करत होते. पण तिनं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी आईकडे गेले. धाकटी टेबलाच्या एका टोकाला बसून कुठल्यातरी दूरच्या प्रयोगशाळेला अर्ज लिहीत होती, परत पोस्टडॉकचाच. सरांचं झाड खिडकीत होतं. पेपर घडी न मोडता तसाच पडला होता. आई ओट्याशी पाठ करून चहा करत होती. तिनं कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली, कप आणून बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि परत ओट्याकडे वळली. काही बोलली नाही. कप उंच धरला नाही, एक की दोन विचारलं नाही.

बाबांनी थोडा वेळ कपाकडे पाहिलं. मग तिच्या पाठीकडे पाहिलं. आणि कुणीच काही विचारलेलं नसताना मान डोलवून म्हणाले, "हो, हो."